दुष्काळात घर उद्ध्वस्त झालं, तेव्हा तुकोबांनी आधी गावचं पडकं देऊळ बांधायला घेतलं

पावसाळा सुरू झाला की बारामती तालुक्यातल्या काटेवाडीत एक दृश्य दरवर्षी दिसतं. रस्त्यावर परीट समाजाची माणसं धुतलेल्या पांढऱ्या धोतरांच्या पायघड्या अंथरतात. त्यावरून तुकाराम महाराजांची पालखी गावात येते. मग मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन पुढे येतात आणि शेकडो मेंढरं पालखीच्या रथाभोवती गोल धावायला लागतात. याला मेंढ्यांचं रिंगण म्हणतात. तुमच्या फोनवरही याचा एखादा व्हिडिओ येऊन गेला असेल.

पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला पहिलं गोल रिंगण होतं. मोठं मैदान, कडेला दाटीवाटीनं उभे गावकरी, आत झेंडेकरी, तुळशीवाल्या बाया, टाळकरी, विणेकरी आणि शेवटी धावणारा अश्व. अश्व गेला की पोरंटोरं त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. मग निमगाव केतकी, इंदापूर शहरात आणखी एक रिंगण, आणि पुणे जिल्ह्यातला शेवटचा मुक्काम सराटी.

रील म्हणून हे सगळं भारी दिसतंच. पण ज्यांच्या पादुका त्या रथात असतात, ते तुकोबा स्वतः एका भयंकर दुष्काळातून जेमतेम वाचलेले होते. त्या दुष्काळात त्यांची बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं, गावाची रया गेली. त्यानंतर त्यांनी जे केलं, त्यातूनच हा सगळा सोहळा उभा राहिला आहे. आणि हा दुष्काळ पडला तेव्हा बारामती-इंदापूरचा मुलूखही त्याच्या तडाख्यात होता.

तर सुरुवातीपासून बघू.

तुकोबांचा जन्म देहूचा. जन्मसालावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण १६०८ हे साल सगळ्यात जास्त मानलं जातं. कूळ मोरे, आडनाव आंबिले, जात कुणबी. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले भाऊ सावजी, धाकटे कान्होबा. तुकोबा मधले.

तुकोबा म्हटलं की फाटक्या कपड्यातला, जन्मापासून गरीब असा माणूस डोळ्यांसमोर येतो. ते खरं नाही. घरात देहूच्या पेठेची महाजनकी होती. शेती होती, दुकान होतं, सावकारी होती. लोक त्यांच्याकडून कर्ज काढायचे. शिवाय घराण्यात कित्येक पिढ्यांची पंढरीची वारी होती. त्यांचे पूर्वज विश्वंभरबुवा यांनी देहूत विठ्ठलाचं देऊळ उभारलं होतं. हे देऊळ लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

थोरल्या सावजींना संसारात रस नव्हता, म्हणून कारभार तुकोबांच्या अंगावर आला तो पोरवयातच. पहिली बायको रखमाबाई, तिला दम्याचा त्रास होता. मग पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांच्या मुलीशी दुसरं लग्न झालं. ती जिजाई, माहेरची आवली. सतरा-अठरा वर्षांचे असताना आईवडिलांचं छत्र गेलं. मग सावजींची बायको वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. म्हणजे विशीच्या आतच तुकोबांच्या डोक्यावर सगळं घर होतं.

आणि मग १६३० साल आलं.

त्या वर्षी दख्खनमध्ये आणि गुजरातमध्ये पाऊस पडलाच नाही. पुढच्या वर्षी पडला तो इतका की उरलंसुरलं पीकही गेलं. त्यात लढाया चालू होत्या. शाहजहान बादशहा स्वतः फौजफाटा घेऊन बुऱ्हाणपूरला येऊन बसला होता. अहमदनगरची निजामशाही शेवटचे आचके देत होती. एवढ्या मोठ्या फौजेला धान्य लागतं, आणि बैलांच्या पाठीवर धान्य वाहणारे बंजारे जास्त भाव मिळेल तिकडे, म्हणजे छावणीकडे जायचे. पाऊस नसल्यामुळे धान्य पिकलं नाही आणि लढाईमुळे पिकलेलं धान्य गावापर्यंत पोहोचलं नाही. दुष्काळ नुसता आभाळातून पडत नाही, तो असा दोन्हीकडून येतो.

बादशहाच्या दरबारी इतिहासकारानं, अब्दुल हमीद लाहोरीनं, या दुष्काळाचं जे वर्णन लिहून ठेवलं आहे ते आज वाचवत नाही. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्याच सुमारास सुरतेहून आग्र्याकडे गेला, त्यानं वाटेवर पाहिलेली प्रेतं नोंदवून ठेवली आहेत. त्या काळच्या परदेशी नोंदींमध्ये एकट्या गुजरातमध्ये ३० लाख आणि अहमदनगरच्या मुलखात १० लाख माणसं दगावल्याचे आकडे सापडतात. हे आकडे मोजून काढलेले नाहीत, अंदाजाचे आहेत. पण अंदाज करणाऱ्याला काय दिसलं असेल हे त्यावरून कळतं.

पुणे प्रांताची अवस्था तर आणखी वाईट होती. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानं पुणे जाळलं आणि गाढवाचा नांगर फिरवला, असं सांगितलं जातं. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण हा शहाजीराजांच्या जहागिरीचा मुलूख. यातलं सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातलं सुपे. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तेही १६३० साल. म्हणजे स्वराज्याचा राजा जन्मला तेव्हा त्याच्या जहागिरीतली गावं उठत होती.

गाव उठणं हा आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग आहे. घरं तशीच राहतात, माणसं निघून जातात. चुली विझतात, गुरं मरतात, पांढरीत गवत वाढतं. मग ते गाव परत बसवावं लागतं.

देहूत तुकोबांच्या घरी काय झालं हे त्यांनी स्वतःच अभंगांत सांगितलं आहे. दुष्काळानं पैसा गेला आणि पैशाबरोबर मान गेला. रखमाबाई अन्न अन्न करत गेली. तिचा मुलगा संतोबा, तोही गेला. ज्याच्या दुकानातून गाव धान्य न्यायचं, त्याच्याच घरात माणूस भुकेनं मेलं. व्यापार बसला, दिवाळं निघालं. ज्यांना आयुष्यभर कर्ज दिलं त्यांच्याकडून वसुली होणार नव्हती, कारण देणेकऱ्यांकडेही काही उरलं नव्हतं. या सगळ्याची आपल्याला लाज वाटली, असं तुकोबा सांगतात. दुष्काळात वाचलेल्या माणसाला लाज का वाटावी, हा प्रश्न ज्यांनी असा प्रसंग पाहिलेला नाही त्यांनाच पडेल.

तेव्हा तुकोबांचं वय होतं बावीस-तेवीस.

आता अशा माणसानं काय करावं? एक रस्ता सावजींचा होता. घर सोडायचं, तीर्थाला निघून जायचं. दुसरा होता उरलेली कर्जखतं घेऊन वसुलीला लागायचं आणि देणेकऱ्यांच्या जमिनी लिहून घ्यायच्या. दुष्काळानंतर सावकार असंच श्रीमंत होतात, हे महाराष्ट्रानं नंतरही अनेकदा पाहिलं.

तुकोबा काही काळ डोंगरात गेले खरे. देहूजवळचे भामचंद्र आणि भंडारा हे डोंगर त्यांच्या एकांताचे. पण ते परत गावात आले. आणि दोन कामं केली.

पहिलं काम देवळाचं. विश्वंभरबुवांनी उभारलेलं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं. ते दुरुस्त करावं असं त्यांच्या मनात आलं. हातात पैसा नव्हता. मग त्यांनी स्वतः माती खणली, चिखल केला, भिंती घातल्या. ही गोष्ट महिपतींनी तुकोबांच्या चरित्रात सांगितली आहेच. महिपती म्हणजे ताहराबादचे संतचरित्रकार, तुकोबांनंतर शंभरेक वर्षांनी भक्तविजय आणि भक्तलीलामृत लिहिणारे. पण देवळाचा उल्लेख खुद्द तुकोबांच्या आत्मचरित्रपर अभंगातही आहे. त्यामुळे ही नुसती आख्यायिका नाही.

घरात खायला नाही आणि हा माणूस देऊळ बांधतोय, असं आज वाटू शकतं. तेव्हाही काहींना वाटलं असणार. पण त्या काळच्या खेड्यात देऊळ म्हणजे काय होतं ते पाहिलं की हे काम वेगळं दिसतं. गावात चार माणसं एकत्र बसण्याची हक्काची जागा म्हणजे देऊळ. परगावचा वाटसरू तिथेच उतरायचा, बातमी तिथेच कळायची, गावकी तिथेच भरायची, भांडणं तिथेच मिटायची. उठलेल्या गावात माणसं परत आली तरी ती एकमेकांना भेटणार कुठे? ज्याच्या घरात माणूस गेलं त्यानं रडायचं कुठे? भिंत उभी राहिली आणि एकादशीला तिथे टाळ वाजला, की चार घरांना कळतं, गाव अजून आहे.

आपत्तीनंतर आधी पोट की आधी कला, हा वाद आजही होतो. जपानच्या कोबे शहरात जानेवारी १९९५ मध्ये मोठा भूकंप झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथे लाखो दिव्यांच्या कमानींचा उत्सव सुरू झाला. शहर अजून सावरत होतं, लोक तात्पुरत्या घरांत राहत होते. तरी लोक दिवे बघायला आले, आणि तो उत्सव पुढेही होत राहिला. तुकोबांचं देऊळ याच जातीचं काम आहे. फरक इतकाच की कोबेत शहर आणि मोठ्या संस्था मागे होत्या, देहूत एका दिवाळं निघालेल्या वाण्याचे दोन हात होते.

दुसरं काम पोटाचं होतं, आणि त्याची चर्चा देवळापेक्षा जास्त व्हायला हवी.

घरात कर्जखतं होती. कोण किती देणं लागतो त्याचे कागद. तुकोबांनी ते इंद्रायणीत बुडवायचं ठरवलं. धाकटे कान्होबा म्हणाले, तुम्ही साधू व्हाल, माझ्या पोराबाळांचं काय? प्रश्न बरोबर होता. मग तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. अर्धे कान्होबांना दिले. आपल्या वाट्याचे अर्धे नदीत सोडून दिले.

त्यांनी भावाच्या हक्काचं दान परस्पर केलं नाही. आणि आपल्या वाट्याचं केलं ते पुरं केलं. दुष्काळातून वाचलेल्या कुणब्याला पुढच्या मिरगाला बियाणं लागतं, बैल लागतो. मागचं कर्ज मानगुटीवर असेल तर जे पिकेल ते सावकाराच्या खळ्यात जाणार, आणि मग तो माणूस परत गाव सोडणार. देहूतल्या अर्ध्या देणेकऱ्यांच्या मानेवरून ते ओझं एका दिवसात उतरलं. आजच्या भाषेत ही कर्जमाफी होती आणि ती सावकारानं स्वतःच्या खिशातून केली होती.

तिकडे पुण्यातही मुलूख परत बसवायचं काम सुरू झालं, पण काही वर्षांनी आणि राजसत्तेच्या हातानं. जिजाऊ आणि शिवराय पुण्यात आले, शहाजीराजांच्या कारभाऱ्यांनी पडीक जमिनी लागवडीला आणायला शेतकऱ्यांना सवलती दिल्या. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरवर्षी थोडा थोडा वाढत जाणारा, अशी ती पद्धत. सोन्याचा नांगर फिरवल्याची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. गाढवाच्या नांगराला सोन्याच्या नांगरानं उत्तर. तीही एका अर्थानं लोकांना दिसावी म्हणून भर चौकात केलेली कृतीच होती.

या सगळ्यात जिजाईचं काय झालं, हे मात्र पटकन विसरलं जातं. तुकोबांची ही दुसरी बायको कीर्तनांतून आणि नाटकांतून कजाग, तोंडाळ म्हणूनच रंगवली गेली. प्रभातच्या १९३६ सालच्या संत तुकाराम चित्रपटात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले आणि गौरी यांनी जिजाई केली. विठोबावर चिडणारी, पण पोराबाळांसाठी जिवाचं रान करणारी जिजाई त्यात दिसते. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. त्यातली जिजाई तरी थोडी माणूस वाटते. एरवी तिच्या वाट्याला फक्त हशा आला. काशी, भागीरथी, गंगा या मुली, महादेव, विठोबा आणि पुढे नारायण ही मुलं, एवढा संसार. कर्जखतं नदीत गेली तेव्हा त्या घराची उरलेली कमाईही गेली होती. चूल तिला पेटवायची होती. आणि तरी ती डोंगरावर बसलेल्या नवऱ्यासाठी भाकरी घेऊन चढून जायची. गावाच्या सावरण्याची किंमत कुणीतरी घरात चुकवत असतं. देहूत ती जिजाईनं चुकवली.

देऊळ उभं राहिल्यावर तिथे कीर्तन सुरू झालं. तुकोबा सुरुवातीला कीर्तनकार नव्हते. दुसरे कीर्तन करायचे आणि हे मागे उभे राहून धृपद धरायचे. संतांचे अभंग पाठ केले, ज्ञानेश्वरी वाचली, नामदेव-कबीर ऐकले. मग माघ शुद्ध दशमीला स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी मंत्र दिला आणि पुढे नामदेवांनी स्वप्नात येऊन कविता करायला सांगितलं, असं ते स्वतः सांगतात. तिथून पुढे अभंगांची जी धार लागली ती आज साडेचार हजारांच्या आसपास अभंगांच्या गाथेत सापडते. मुंबई सरकारच्या मदतीनं शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी गाथेचा पहिला भाग १८६९ मध्ये छापला. एका दिवाळखोर वाण्याची कविता इंग्रज सरकारच्या पैशानं छापली गेली, हाही एक योगच.

वारकरी कीर्तनाची रचना बघण्यासारखी आहे. पुढे कीर्तनकार, गळ्यात वीणा. बाजूला मृदंग. मागे टाळकऱ्यांची रांग. समोर बसलेले लोक नुसते ऐकत नाहीत, चाल धरतात, टाळी देतात, मध्येच उभे राहून नाचतात. तिकीट नाही, पडदा नाही, मंच असलाच तर ओटा. सार्वजनिक कला हा शब्द आता आला, पण ज्या कलेत गावातला कुणीही मागच्या रांगेत जाऊन उभा राहू शकतो तिला दुसरं काय म्हणणार?

आणि त्या मागच्या रांगेत कोण होतं ते बघा. चाकणचे संताजी जगनाडे, जातीनं तेली. गंगाराम मवाळ, ब्राह्मण. सुदुंब्र्याचे गवरशेट वाणी. लोहगावचे शिवबा कासार. नावजी माळी. येलवाडीचे मालोजी गाडे, हे तुकोबांचे जावई. सख्खे भाऊ कान्होबा, ज्यांनी कर्जखतांचा वाटा मागितला होता, तेही टाळ घेऊन उभे राहिले. दुष्काळात जात बघून भूक लागत नाही, पण दुष्काळ संपला की जात परत येते. तुकोबांनी त्या रांगेत ती येऊ दिली नाही. संताजी आणि गंगाराम अभंग लिहून घ्यायचे. संताजींच्या वह्यांवरून विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी गाथा छापली, म्हणजे तेल्याच्या हातचं अक्षर तीनशे वर्षं टिकलं.

हे सगळ्यांना रुचणार नव्हतंच. देहूतच राहणारे मंबाजी गोसावी यांनी तुकोबांना त्रास दिला, मारहाणही केली. वाघोलीचे रामेश्वर भट यांनी आक्षेप घेतला की शूद्रानं वेदांचा अर्थ सांगणारी कविता करू नये. शेवटी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. ज्या नदीत तुकोबांनी आपल्या हातानं कर्जखतं सोडली, त्याच नदीत आता कविता गेली. तुकोबा तेरा दिवस नदीकाठी शिळेवर उपाशी बसून राहिले. मग वह्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. लोकांनी ते अभंग इतके तोंडपाठ केले होते की ते बुडणं शक्यच नव्हतं, असंही अनेक अभ्यासक सांगतात. पुढे रामेश्वर भट स्वतः तुकोबांचे शिष्य झाले आणि टाळकऱ्यांच्या रांगेत आले. मंबाजींचा त्रास किती खरा होता याला बाहेरची साक्षही आहे. बहिणाबाई, म्हणजे शिऊरच्या संत कवयित्री, नवऱ्याबरोबर देहूला येऊन राहिल्या होत्या. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात देहूतली कीर्तनं आणि मंबाजींचा जाच दोन्ही लिहून ठेवलं. ब्राह्मण घरातली बाई कुणब्याला गुरू करते, हे त्या काळात काय होतं याचा विचार करा.

शिवरायांनी तुकोबांना नजराणा पाठवला आणि तुकोबांनी तो परत केला, ही गोष्ट परंपरेनं सांगितली जाते. ती इतकी प्रसिद्ध आहे की इथे पुन्हा सांगायला नको.

फाल्गुन वद्य द्वितीया, साल १६५०. काहीजण १६४९ धरतात. तुकोबा गेले. वारकरी सदेह वैकुंठगमन मानतात, तो दिवस तुकाराम बीज म्हणून देहूत पाळला जातो. वय अवघं चाळीस-बेचाळीस. दुष्काळानंतर त्यांना मिळालेली वर्षं वीसच होती. जिजाई तेव्हा गरोदर होती. तुकोबांच्या पश्चात जो मुलगा झाला, तो नारायण.

ज्या मुलानं बापाला पाहिलंच नाही, त्यानं बापाच्या पादुका पालखीत ठेवल्या.

साल १६८५. शिवरायांना जाऊन पाच वर्षं झाली होती. औरंगजेब प्रचंड फौज घेऊन दख्खनमध्ये उतरला होता आणि संभाजीराजे त्याच्याशी झुंजत होते. म्हणजे पुन्हा लढाई, पुन्हा छावण्या, पुन्हा गावं उठण्याची भीती. अशा वेळी नारायण महाराजांनी देहूतून तुकोबांच्या पादुका घेतल्या, आळंदीला जाऊन ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही एकत्र पंढरपूरला नेल्या. वारी त्याआधी शतकानुशतकं होती, लोक आपापले जात होते. पालखीबरोबर सगळ्यांनी मिळून शिस्तीत चालायचं, ही घडी नारायण महाराजांनी बसवली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांची पालखी वेगळी काढली, तेव्हापासून दोन सोहळे झाले. एक सासवड-जेजुरी-फलटणकडून जातो. दुसरा, तुकोबांचा, दौंड-बारामती-इंदापूरकडून.

आजचा तुकोबांचा रस्ता बघितला तर तो दुष्काळाच्या इतिहासातूनच जातो. लोणी काळभोर, यवत, वरवंड करत पालखी रोटी घाट चढते आणि उंडवडी गवळ्याची इथे बारामती तालुक्यात मुक्कामाला येते. हा जिरायत पट्टा. सुपे, उंडवडी ही गावं पावसाच्या भरवशावर. दुसऱ्या दिवशी बारामती शहर ओलांडलं की रान हिरवं होतं, ऊस दिसायला लागतो, सणसरजवळ भवानीनगरच्या साखर कारखान्याची चिमणी दिसते. हा फरक केला नीरा डाव्या कालव्यानं. १८७६-७७ च्या दुष्काळानं दख्खन होरपळल्यावर इंग्रज सरकारनं भाटघर धरण आणि हा कालवा हाती घेतला. म्हणजे हा ऊसही एका दुष्काळानंतरचाच आहे. १९७२ च्या दुष्काळात याच भागातले लोक रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. इंदापूरच्या उत्तरेला उजनी धरणात गावंच्या गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ अजून तिथे पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते वर दिसतं आणि लोक होडीनं बघायला जातात. देऊळ दिसलं म्हणजे पाणी कमी आहे, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

अशा मुलखातून पालखी जाताना प्रत्येक गावाचं काम ठरलेलं असतं. कुणी पिठलं-भाकरी करतं, कुणी पाय दाबून देतं, कुणी दाढी करून देतं, कुणी चपला शिवून देतं. काटेवाडीच्या परीटांकडे धोतरं, मेंढपाळांकडे मेंढरं. ज्याच्याकडे जे आहे ते त्यानं आणायचं. निमंत्रण कुणाला नसतं आणि मागच्या रांगेत कुणालाही उभं राहता येतं, देहूच्या देवळातल्यासारखंच.

२०२० मध्ये हे थांबलं. कोविडमुळे पायी वारी झाली नाही. आषाढी दशमीला तुकोबांच्या पादुका एसटी बसमधून थेट पंढरपूरला गेल्या. काटेवाडीत पायघड्या पडल्या नाहीत, बेलवाडीचं मैदान रिकामं राहिलं. २०२१ लाही बसच. ज्या गावांनी त्या दोन वर्षांत माणसं गमावली, त्यांच्याकडे एरवी दरवर्षी येणारी एकत्र जमण्याची वेळ आली आणि जमायलाच बंदी होती.

२०२२ मध्ये पालखी पुन्हा पायी निघाली. उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर असे सगळे मुक्काम आणि विसावे परत लागले. बेलवाडीत अश्व धावला आणि लोकांनी माती उचलली. सराटीला पादुकांना नीरेचं स्नान घातलं. मग पालखीनं नदी ओलांडली आणि ती सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला गेली.